उपाशीपोटी यावे

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०२४ साली देशभर माणसं पाठवून लोकांना एक साधा प्रश्न विचारला : दिवसाचे चोवीस तास तुम्ही करता काय? (आमच्याकडे हा प्रश्न माझा नवरा मला फुकटात विचारतो, त्यासाठी सर्वेक्षण लागत नाही.) हिशेबाअंती असं निघालं, की सहा वर्षं आणि त्यापुढच्या वयाचा भारतीय माणूस रोज सरासरी ७०८ मिनिटं स्वतःची निगा राखण्यात घालवतो. म्हणजे बारा तासांना जेमतेम बारा मिनिटं कमी. त्यात पुरुष ७१०, बायका ७०६. फरक चार मिनिटांचा! स्त्री-पुरुष समानता इतकी दाराशी येऊन उभी होती आणि कुणी साधी बेल वाजवली नाही.

मग मी बारीक अक्षरातला मजकूर वाचला. झोप, जेवण, पाणी पिणं, आंघोळ, दात घासणं असं सगळं त्याच खात्यात धरलेलं आहे. माणूस मेला नाही, एवढ्यावरच सरकार त्याचा अर्धा दिवस ‘स्वतःसाठी’ म्हणून मांडून मोकळं होतं. त्याच पाहणीतला दुसरा आकडा मात्र सरळ आहे. घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचा त्यात रोज २८९ मिनिटं वेळ जातो, करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटं. ही ८८ मिनिटं कुठल्या घरात होतात ते कुणी कळवलं, तर आम्ही सहकुटुंब बघायला जाऊ.

या पाहणीची रीतही वाचण्यासारखी आहे. पहाटे चारपासून दुसऱ्या दिवशीच्या पहाटे चारपर्यंत अर्ध्या-अर्ध्या तासाचे कप्पे पाडायचे आणि प्रत्येक कप्प्यात काय केलं ते लिहायचं. एका कप्प्यात अनेक कामं केली असतील, तर त्यातली जास्तीत जास्त तीन नोंदायची आणि तीही दहा मिनिटं किंवा त्याहून जास्त वेळ चाललेली. हा नियम ज्यांनी केला त्यांनी सकाळी साडेसहा ते सातचं स्वयंपाकघर पाहिलेलं नसणार. त्या अर्ध्या तासात कणीक मळली जाते, भाजी फोडणीला पडते, दूध तापतं, मोटर चालू करून बंद होते, सासूबाईंची थायरॉइडची गोळी सापडते, मुलाचं ओळखपत्र सापडत नाही आणि रात्री भिजत घालायची राहिलेली मटकी आठवून जीव हळहळतो. यातलं एकही काम सलग दहा मिनिटं टिकत नाही. म्हणजे नियमाने पाहिलं, तर साडेसहा ते सात मी काहीच करत नाही. नवऱ्याचंही बरेच दिवस हेच म्हणणं होतं. आता त्याला सरकारी आधार मिळाला.

हल्ली जो तो सांगत असतो, स्वतःसाठी वेळ काढा. सांगणाऱ्याच्या मागे बहुतेक वेळा समुद्र असतो, हातात हिरवं काहीतरी प्यायला असतं आणि कडेवर मूल नसतं. हा वेळ काढायचा कुठून, ते मात्र कुणी सांगत नाही. माझं निरीक्षण असं, की आपल्याकडे वेळ काढता येतो, भरपूर काढता येतो, फक्त स्वतःच्या नावावर काढता येत नाही. वेळेच्या सात-बाऱ्यावर नाव देवाचं लागतं, डॉक्टरचं लागतं किंवा पोराबाळांचं. आपलं नाव फार तर कुळ म्हणून इतर हक्कांत.

देवाचं खातं सगळ्यात जुनं. वाग्भटाने अष्टांगहृदयात सांगून ठेवलंय, की अंगाला तेल रोज लावावं, आणि त्यातही डोकं, कान आणि तळपाय यांना विशेष करून. इतका समजूतदार माणूस. पण वैद्याने सांगितलेलं रोजचं तेल आपण बाटलीत ठेवलं आणि नरकचतुर्दशीला मात्र पहाटे चारचा गजर लावून न चुकता ओतलं. का? तर तिथे नरकासुर आहे. नुसत्या हाडांसाठी उठायचं असतं तर कुणी कूसही बदलली नसती. कृष्णाने आणखी दोन-चार असुर वेगवेगळ्या महिन्यांत मारले असते, तर महाराष्ट्रातली निम्मी सांधेदुखी कमी झाली असती, असं मला दर दिवाळीला वाटतं. त्यातही घरच्या बाईचा क्रम शेवटचा. ती सगळ्यांच्या आधी उठते, सगळ्यांना तेल-उटणं लावते, ओवाळते आणि तिचा नंबर लागतो तेव्हा उटणं वाटीच्या बुडाला लागलेलं असतं, गिझर दमलेला असतो आणि बाहेरून विचारणा होते, ‘अगं, फराळाचं काढायचं ना?’

उपवासाचं तर बोलायलाच नको. पोटाला विश्रांती म्हणून जो दिवस नेमला, त्या दिवशी साबुदाणा, वरी, दाण्याची आमटी, रताळ्याचे काप असा मुक्काम पडतो आणि उपवास नसणाऱ्यांसाठी वरण-भात वेगळा. एकादशीला पोट विश्रांती घेतं की नाही माहीत नाही, शेगडी नक्की घेत नाही.

पण देवाच्या खात्यावर वेळ कसा काढावा, हे शिकायचं तर आमच्या सासूबाईंकडून. दुपारी दोन वाजता त्या देवघरासमोर पोथी घेऊन बसतात. पोथी वाचणाऱ्या माणसाला मध्येच उठवायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, असा त्यांनीच घातलेला दंडक आहे. फोन आला तर सांगायचं, ‘आई पोथी वाचताहेत.’ कुरिअरवाला आला, सोसायटीची वर्गणी मागायला कुणी आलं, नणंदेचं काही महत्त्वाचं निघालं, तरी तेच. एकदा रजेच्या दिवशी मी त्यांच्या मागून पाणी ठेवायला गेले. पोथीचं पान उघडं, त्यावर चष्मा आडवा, हात मांडीवर आणि मान पंचेचाळीस अंशांत झुकलेली. श्वास संथ. पंख्याच्या वाऱ्याने पान उलटू नये म्हणून वर कुंकवाचा करंडा ठेवलेला होता. एवढी तयारी पाहून मी दार अलगद ओढून घेतलं. संध्याकाळी त्या म्हणाल्या, ‘आज अध्याय जरा मोठा होता.’ मी म्हटलं, ‘हो आई, बराच.’

शेजारच्या विंगमध्ये भजनी मंडळ आहे, तिथेही तोच प्रकार. चार ते सहा भजन. त्यातला पाऊण तास खरंच टाळ वाजतात, बाकी वेळात कुणाच्या सुनेने काय केलं याचं निरूपण होतं. डोळे मिटून बसायला हजारो रुपये घेणारी शिबिरं निघाली आहेत. आमचं मंडळ महिन्याला पन्नास रुपयांत डोळे मिटू देतं, तोंड उघडू देतं आणि वर सुंठवडा देतं.

पूर्वी माहेरपण होतं. लेक दमली की तिला चार दिवस माहेरी आणायचं, उठायला लावायचं नाही, ताटावर बसवायचं, डोक्याला तेल घालायचं. स्वतःची काळजी घेण्याची इतकी पक्की व्यवस्था जगात आणखी कुठे असेल असं मला वाटत नाही. संतांनीसुद्धा पंढरपूरला माहेर म्हटलं ते उगीच नाही. आता माहेर आहे तिथे आहे, पण लेक लॅपटॉप घेऊन जाते, मीटिंग चालू असताना आई दाराआडून खुणेने विचारते, ‘थालीपीठ टाकू?’ आणि लेक कॅमेरा बंद करून खाते. शिवाय आईचेही गुडघे आता गेलेत. माहेरपण नेमकं कुणी कुणाचं करायचं, असा पेच पडतो.

पोराबाळांच्या खात्यावरची मोठी रजा म्हणजे बाळंतपण. सव्वा महिना रोज मालीश, शेक-शेगडी, धुरी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर. मसाजाचं टेबल, मंद दिवे आणि सुवासिक धूर हे आज जे मोठ्या हॉटेलात विकतात, ते सगळं आमच्याकडे मालीशवाली मावशी घरी येऊन देत होती, वर चार घरच्या बातम्याही. फक्त त्याची पात्रता फार कडक. एक आख्खा माणूस जन्माला घालावा लागतो. आणि त्या माणसामुळे पुढच्या वीस वर्षांत एकदाही नीट झोप मिळत नाही, ते वेगळंच.

पुरुषांचं बरं असतं. त्यांना असली खाती लागत नाहीत. माझा नवरा रविवारी ‘कटिंग करून येतो’ म्हणून जातो आणि दोन तासांनी येतो. त्याच्या डोक्यावर जे उरलंय, ते माझ्या अंदाजाने सहा मिनिटांचं काम आहे. बाकी वेळात चंपी होते, चहा होतो आणि क्रिकेट संघाच्या निवडीवर न्हाव्याशी सविस्तर बोलणं होतं. कुणी विचारत नाही. सकाळी मोबाइल घेऊन संडासात जातो तो मजकूर संपल्यावरच बाहेर येतो, तेही कुणी विचारत नाही, कारण ‘पोट साफ होत नाही’ हे घरातलं मान्यताप्राप्त दुखणं आहे.

आणि पुणं! पुण्याने तर दुपारच्या वामकुक्षीला थेट पाटीवर आणलं. दुकान एक ते चार बंद. बाकीच्या जगाने त्यावर इतके विनोद केले, की त्यात नवी भर घालायची माझी इच्छा नाही. फक्त एक शंका आहे. त्या तीन तासांत दुकानदार डाव्या कुशीवर असतो. दुकानदारीणबाई कुठल्या कुशीवर असतात, त्याची पाटी माझ्या पाहण्यात नाही.

नोकरी करणाऱ्या बाईसाठी खरा आधार म्हणजे लोकलचा लेडीज डबा. ५ मे १९९२ रोजी पश्चिम रेल्वेवर चर्चगेट ते बोरिवली अशी खास बायकांची आख्खी गाडी सुरू झाली, तेव्हा लोकांना वाटलं बायकांच्या प्रवासाची सोय झाली. प्रवासाची झालीच, पण खरी सोय झाली ती कुणीही हाक मारू शकणार नाही अशा दीड तासाची. आमच्या डोंबिवलीच्या गाडीत मी बघते. एक जण मेथी निवडते, एकीची पोथी, एक जण नेलपेंट लावते (ब्रेक लागला की अंगठ्यालाही), एक जण स्वेटर विणते, कोपऱ्यातली मुलगी उभ्याने झोपते आणि घाटकोपर आलं की बरोब्बर जागी होते. डोहाळजेवणं इथे होतात, हळदीकुंकू इथे होतं, दसऱ्याला डब्याला तोरणं लागतात. मी चौथ्या सीटवरची. चौथी सीट म्हणजे तिघींच्या बाकावर उरलेली चार बोटं जागा. तिथे शरीर निम्मं बाकावर आणि निम्मं हवेत असतं. योगासनांच्या वर्गात या स्थितीला काहीतरी भारदस्त नाव असेल आणि शिक्षक म्हणतील, ‘आता सावकाश श्वास घ्या.’ आम्ही इथे तोही बेतानेच घेतो.

श्वासावरून आठवलं. मुलाने वाढदिवसाला मला ते हुशार घड्याळ घेऊन दिलं. प्रेमाने दिलं, म्हणून घालते. ऐनवेळी गाडी दोनऐवजी पाच नंबरवर येत असल्याची घोषणा होते, आख्खा फलाट जिना चढून पलीकडे धावतो, तेव्हा ते मनगटावर थरथरून विचारतं, ‘व्यायाम करताय असं दिसतंय. नोंदवू का?’ संध्याकाळी घरी येऊन, पर्स न काढता, मी सोफ्याच्या टोकावर टेकते, की ते पुन्हा थरथरतं, ‘बराच वेळ बसून आहात. जरा उभ्या राहा.’ सासू घरात एक होती, आता हातावर दुसरी बांधली. आणि पहिली निदान दुपारी झोपते तरी.

गेल्या श्रावणाआधी ठरवलं, की यंदा कुठल्याही खात्यावर नाही, रोख स्वतःच्या नावावर एक तास घ्यायचा. बी विंगमध्ये तळमजल्याला पार्लर आहे, तिथे फेशियल. घरी तसं स्वच्छ सांगून निघाले. पार्लरवालीने क्रीम चोळलं, वाफ दिली, पॅक लावला, डोळ्यांवर काकडी ठेवली आणि म्हणाली, ‘ताई, आता वीस मिनिटं तोंड हलवायचं नाही, चिरा पडतात.’ पंखा फिरत होता. कुठेतरी जुनी गाणी चालू होती. आणि फोन वाजला. तिनेच उचलून माझ्या कानाला लावला.

मुलगा होता. ‘आई, जिरं कुठाय?’

ओठ न हलवता बोलायचं म्हणजे प, फ, ब, भ, म ही आख्खी रांग गेली. शाळेत ओष्ठ्य वर्ण म्हणून घोकलं होतं, त्याचा अर्थ त्या दिवशी कळला. मला म्हणायचं होतं, ‘मिसळणाच्या डब्यात.’ बाहेर पडलं, ‘इसळणाच्या डअ्यात.’

‘काय?’

‘इसळणाच्या... इसळणाच्या!’

पलीकडे शांतता. मग दबका आवाज, ‘बाबा, आई काहीतरी विचित्र बोलतेय.’ नवरा फोनवर आला. ‘अगं, काय झालं? तोंड वाकडं झालंय का?’ मी म्हटलं, ‘काही झालं नाही, ॲक आहे.’ त्याने ते ‘अटॅक आहे’ असं ऐकलं. पुढच्या चार मिनिटांत नवरा बनियनवर, मुलगा हातात झारा घेऊन आणि त्यांच्या मागे, ज्या दोन ते चार कुणालाही भेटत नाहीत त्या सासूबाई, असे तिघं पार्लरच्या काचेच्या दाराशी उभे. मी काकड्या काढून पाहिलं. सासूबाईंनी मला पाहिलं आणि पहिलं वाक्य उच्चारलं, ‘हे लावायला पैसे घेतात?’

पॅकला चिरा पडल्याच. जिऱ्याची फोडणी तोवर जळालेली होती.

त्यानंतर मी डॉक्टरच्या खात्यावर आले आणि मला कळलं, की खरी जागा हीच. आमच्या घराण्यात साखर आहे, वडिलांना होती, आत्याला आहे. म्हणून मला डॉक्टरांनी ठराविक महिन्यांनी रक्त तपासायला सांगितलंय. ज्यांनी ही तपासणी केली असेल त्यांना ठाऊक आहे. सकाळी उपाशीपोटी जायचं, रक्त द्यायचं. मग भरपेट खायचं आणि पहिल्या घासापासून मोजून दोन तासांनी पुन्हा रक्त द्यायचं. धडधाकट शरीर जेवणानंतर चढलेली साखर साधारण तेवढ्या वेळात खाली आणतं, ते जमतंय का, हे बघायचं असतं. म्हणून ते दोन तास नुसतं बसायचं. आणखी काही खायचं नाही, फार चालायचं नाही, कारण चाललं-धावलं की स्नायू साखर वापरतात आणि आकडा खोटा येतो. काउंटरवरच्या मुलीने पहिल्यांदा हे सांगितलं, तेव्हा मी तिला दोनदा विचारून घेतलं. ‘म्हणजे घरी जाऊन स्वयंपाक वगैरे...?’

‘नका करू मॅडम. इथेच बसा. धावपळ केली तर रिपोर्ट चुकेल.’

धावपळ केली तर रिपोर्ट चुकेल! हे वाक्य मला लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी हवं होतं.

लॅबच्या शेजारी उडप्याचं हॉटेल आहे. तिथे बसून दोन इडल्या, एक मसाला डोसा, शेवटी कडक कॉफी. गरम. ताट दुसऱ्याने आणून ठेवलं आणि दुसऱ्यानेच उचललं. मधे एकदाही ‘अजून कुणाला काय हवंय’ म्हणून उठले नाही. मग लॅबमध्ये येऊन एसीखाली खुर्ची. घरून फोन आला, ‘कधी येतेस?’ मी शांतपणे म्हटलं, ‘हलायचं नाही सांगितलंय.’ पलीकडून लगेच, ‘नाही नाही, तू बस, आम्ही करतो काहीतरी.’ इतका आदर मला पंचविसाव्या लग्नवाढदिवसालाही मिळाला नव्हता. सरकारी पाहणीच्या यादीतही, दुसऱ्याकडून वैद्यकीय सेवा घेणं हे स्वतःची निगा याच खात्यात मोडतं. म्हणजे माझ्या ७०६ मिनिटांतली निदान ही १२० तरी झोपेच्या आणि दात घासण्याच्या बाहेरची, अस्सल.

हळूहळू लक्षात आलं, की त्या खोलीत मी एकटी नाही. ठराविक चेहरे असतात. एक बाई क्रोशाचं रुमालाचं काम घेऊन येतात, त्यांचा रुमाल आता टेबलक्लॉथ झालाय. एक जण जुने दिवाळी अंक वाचते. एक जण भिंतीला डोकं टेकून झोपते आणि आपला नंबर पुकारला की नाराजीने डोळे उघडते. कुणी कुणाला ‘साखर किती?’ असं विचारत नाही. मध्यंतरी त्या मुलीने उत्साहाने सांगितलं, की आता घरी येऊन रक्त घ्यायची सोय झाली आहे, दोन्ही वेळा आमचा माणूस येईल, तुम्हाला यायचा त्रास नको. खोलीतल्या एकूण एक बायकांनी मान वर करून तिच्याकडे असं पाहिलं, की बिचारीने ती पत्रकं परत खणात ठेवली.

परवा एक नवीन मावशी आल्या होत्या. साठीच्या पुढच्या, चापूनचोपून नेसलेलं नऊवारी, पिशवीत तंबाखूची चंची आणि पाण्याची बाटली. दोन तास झाले, त्यांचं रक्त घेऊन झालं, तरी त्या उठेनात. शेवटी काउंटरशी जाऊन हळूच म्हणाल्या, ‘का गं बाई, दोन तासांच्या वरची नाही का कुठली तपासणी?’

‘आहे ना मावशी. तीन तासांची असते. ग्लुकोजचं पाणी पाजतात आणि दर तासाला रक्त घेतात.’

क्रोशाची सुई थांबली. दिवाळी अंक खाली आला. झोपणारीनेही एक डोळा उघडला.

‘पण ती गरोदर बायकांना सांगतात.’

मावशींनी क्षणभर विचार केला, एकदा दाराकडे पाहिलं आणि काउंटरवर आणखी पुढे वाकल्या.

‘आमच्या ह्यांना काय कळतंय? लिही माझं नाव.’